घोरणारी पलटण आणि हवेचा टेकू

अमेरिकेच्या मरीन कोअरचा मानाचा कुत्रा म्हणजे इंग्लिश बुलडॉग. १९२२ साली जिग्ज नावाचा पहिला बुलडॉग रीतसर भरती झाला. पुढे दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियात गाजलेल्या जनरल चेस्टी पुलर यांच्यावरून या कुत्र्यांना ‘चेस्टी’ हे नाव पडलं आणि पिढ्यान् पिढ्या तेच चालत आलं. चेस्टीला गणवेश असतो, हुद्दा असतो, बढतीही मिळते. त्याच्या चपट्या नाकाबरोबर आणि आखूड जबड्याबरोबर आणखी एक गोष्ट जन्मजात येते, ती म्हणजे घोरणं. १९८७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी झोपलेल्या बुलडॉगना यंत्रं जोडून पाहिलं. झोपेत त्यांचा श्वास पुन्हा पुन्हा अडत होता आणि रक्तातला प्राणवायू खाली घसरत होता. माणसाला होणाऱ्या स्लीप ॲप्नियाचा नमुना निसर्गाने बुलडॉगमध्ये तयारच ठेवला होता.

मरीनांच्या लाडक्या कुत्र्याला जो आजार, तोच अमेरिकेच्या माजी सैनिकांमध्येही झोपेचा सर्वात जास्त आढळणारा आजार आहे. या आजाराच्या आणि त्यावरच्या हवेच्या उपचाराच्या गोष्टीत कुत्री आहेत, वैमानिक आहेत, अंतराळवीर आहेत आणि नळीसारखं एक लांबलचक वाद्यही आहे.

दहा सेकंदांचा हिशेब

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते. ती अशा वेळी मिटते. छाती वरखाली होत राहते, पण हवा आत जात नाही. ही अडचण दहा सेकंद किंवा त्याहून जास्त टिकली, की तिला ॲप्निया म्हणतात. प्राणवायू कमी झाल्याचं कळताच मेंदू झोपलेल्याला अर्धवट जागा करतो, स्नायू आवळले जातात, मोठ्या घरघराटासह श्वास सुटतो आणि पुन्हा झोप लागते. तासाला अशा पाचपेक्षा कमी घटना असतील तर ठीक. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस म्हणजे मध्यम आणि तिसाच्या वर गेल्या की तीव्र आजार. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा, तेही रात्रभर. सकाळी त्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, “मस्त झोप झाली, डोकं जरा जड आहे एवढंच.”

या आजाराचं हे सर्वात मोठं कपट आहे. तो ज्याला असतो, त्यालाच त्याचा पत्ता नसतो.

अवघी तिशी, आणि रात्री श्वास बंद

स्लीप ॲप्निया म्हटलं की पन्नाशीचा, पोट सुटलेला, जाड मानेचा माणूस डोळ्यांपुढे येतो. फौजेतलं चित्र याहून वेगळं आहे. सॅन डिएगोच्या माजी सैनिक रुग्णालयात इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या १९५ जणांची प्रश्नावलीने तपासणी झाली. युद्धाच्या मानसिक आघातावर, म्हणजे पीटीएसडीवर, उपचार घ्यायला आलेली ही मंडळी होती. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. ६९ टक्के जणांना स्लीप ॲप्नियाचा मोठा धोका होता आणि त्यांचं सरासरी वय होतं जेमतेम ३३. पीटीएसडी जितका तीव्र, तितका धोका जास्त.

सेवेत असलेल्यांचंही पाहा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपेच्या तक्रारीसाठी पाठवलेले ७२५ सैनिक तपासले गेले. त्यातल्या निम्म्याहून अधिकांना अडथळ्याचा स्लीप ॲप्निया निघाला. रात्रीची त्यांची सरासरी झोप पावणेसहा तासांपेक्षाही किंचित कमी होती.

याहून मोठा आकडा २००० ते २०१० या दशकाचा आहे. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने, ज्याला तिथे सगळे नुसतं ‘व्हीए’ म्हणतात, जवळपास ९८ लाख माजी सैनिकांच्या नोंदी चाळल्या. दशकाच्या सुरुवातीला झोपेच्या आजाराचं निदान झालेले एक टक्काही नव्हते. दशक संपताना ते सहा टक्क्यांच्या घरात पोचले आणि त्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या स्लीप ॲप्नियाचा होता. सगळी वाढ आजाराची नव्हे. चाचण्या वाढल्या, डॉक्टर विचारू लागले, हेही त्यात आलं. म्हणजे आधीची कितीतरी वर्षं माणसं नुसतीच घोरत राहिली आणि कोणी विचारलं नाही.

शेजारच्या खाटेवरचा साक्षीदार

या विषयातला मला सर्वात आवडलेला कागद म्हणजे व्हीएचा अर्ज क्रमांक २१-१०२१०. हा साक्षीदाराच्या निवेदनाचा नमुना आहे. फौजेतल्या बोलीत त्याला ‘बडी स्टेटमेंट’ म्हणतात, म्हणजे दोस्ताची साक्ष.

त्याची गरज अशी पडते. माजी सैनिकाला स्लीप ॲप्नियासाठी अपंगत्वाचा भत्ता हवा असेल तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. पहिली म्हणजे आज आजार आहे. त्यासाठी झोपेची चाचणी लागते. दुसरी, सेवेत असताना त्याचा काही मागमूस होता. तिसरी, या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे असं डॉक्टरचं मत. दुसऱ्या मुद्द्यावर गाडी अडते. पंचवीस वर्षांपूर्वी बराकीत कोण घोरत होतं याची नोंद फौजेच्या दवाखान्यात कशी असणार? घोरणाऱ्याला स्वतःलाच माहीत नव्हतं, तर तो डॉक्टरकडे कशाला गेला असता?

तेव्हा उपयोगी पडतो शेजारच्या खाटेवरचा सोबती. हा घोरायचा, मध्येच गप्प व्हायचा, आम्ही मनात आकडे मोजायचो, मग तो दचकून हवा ओढायचा, अशा धर्तीचं निवेदन तो सहीनिशी लिहून देतो. ज्या घोरण्यावर एकेकाळी उशा फेकल्या आणि बूट भिरकावले, तेच घोरणं आता कागदावर पुरावा म्हणून उतरतं. तुकडीतल्या सोबत्यांचे फोन नंबर शोधून काढत, वर्षानुवर्षांनी पुन्हा बोलणं सुरू करत ही माणसं एकमेकांसाठी लिहितात. रात्री दोस्ताचा श्वास ऐकत जागा राहिलेला माणूस हा डॉक्टरच्या यंत्राआधीचा निदानकर्ताच म्हणायला हवा.

भत्त्याची पट्टी नियमांत स्पष्ट लिहिलेली आहे. निदान आहे पण त्रास नाही तर शून्य टक्के. दिवसा सतत पेंग येत असेल तर तीस. श्वासाचं यंत्र लावावंच लागत असेल तर पन्नास. श्वसनसंस्थाच निकामी होत चालली असेल किंवा गळ्याला भोक पाडावं लागलं असेल तर शंभर. २०२५ च्या दराने पन्नास टक्क्यांना, कुटुंबाची जबाबदारी नसलेल्या माजी सैनिकाला, महिन्याला सुमारे ११०० डॉलर मिळत होते. तीस टक्क्यांना त्याच्या निम्मेच.

२०२२ च्या फेब्रुवारीत व्हीएने ही पट्टी बदलण्याचा प्रस्ताव मांडला. यंत्र आहे की नाही यावर टक्केवारी ठरू नये, यंत्र लावूनही त्रास किती उरतो यावर ठरावी, असा त्याचा रोख होता. उपचार लागू पडला तर भत्ता कशाला, हा युक्तिवाद वरवर पटतो. मला तो पटत नाही. जो माणूस उरलेलं सगळं आयुष्य दर रात्री नळीला जोडून घेतल्याशिवाय झोपू शकत नाही, ज्याच्या प्रवासाच्या पिशवीत आधी यंत्र जातं आणि मग कपडे, त्याचं काहीच गेलेलं नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे.

पाठीवरचा तोफगोळा

पाठीवर झोपलं की जीभ मागे घसरते आणि घोरणं वाढतं. म्हणून पायजम्याच्या सदऱ्यात पाठीमागे टेनिसचा चेंडू शिवायचा, म्हणजे माणूस आपसूक कुशीवर वळतो, हा उपाय खरोखर सुचवला जायचा आणि आजही त्याचे सुधारलेले पट्टे मिळतात. यालाच जोडून एक किस्सा सांगतात. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात शत्रूला घोरण्याच्या आवाजावरून छावणीचा सुगावा लागू नये म्हणून सैनिकांच्या सदऱ्याला मागे छोटा तोफगोळा शिवत असत म्हणे! किस्सा आहे, किस्सा म्हणूनच घ्यावा.

सिडनी, जून १९८०

आता हवेच्या यंत्राची जन्मकथा. ती सावकाश सांगण्यासारखी आहे.

१९८० पर्यंत तीव्र स्लीप ॲप्नियावर एकच खात्रीचा इलाज होता. गळ्याला समोरून भोक पाडायचं. दिवसा ते बुचाने बंद, रात्री उघडं, म्हणजे मिटणारा घसा वगळून हवा थेट श्वासनळीत. जीव वाचायचा, पण पोहणं संपलं, संसर्गाची टांगती तलवार आणि आरशात रोज ते भोक. पुष्कळ रुग्ण सरळ नकार देत.

कॉलिन सलिव्हन हे ऑस्ट्रेलियातले तरुण डॉक्टर. कॅनडात टोरांटोला असताना त्यांनी कुत्र्यांच्या झोपेतल्या श्वासावर काम केलं होतं आणि कुत्र्याच्या थोबाडावर घट्ट बसेल असा मुखवटाही वापरला होता. सिडनीला परतल्यावर त्यांच्याकडे एक बांधकाम मजूर आला. आजार तीव्र, आणि गळ्याला भोक पाडून घ्यायला तो तयार नव्हता. नाकातून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवता येईल का, एक रात्र करून पाहू या, असं सलिव्हननी सुचवलं. तो तयार झाला.

साहित्य जमवलं ते प्रयोगशाळेत आणि बाजारात मिळेल तसं. व्हॅक्यूम क्लीनरच्या जातीची मोटर घेतली, पण ती ओढण्याऐवजी हवा ढकलेल अशी जोडली. जाड नळ्या लावल्या. नाकावर बसवायचा तुकडा चिकटवला. रुग्ण झोपला, श्वास अडू लागला. सलिव्हननी दाब हळूहळू वाढवला आणि अडणं थांबलं. दाब कमी केला, अडणं परत सुरू. पुन्हा वाढवला, पुन्हा थांबलं. बटण फिरवावं तसा आजार येत होता आणि जात होता. मग दाब तसाच ठेवून त्याला झोपू दिलं. तो जवळपास सात तास गाढ झोपला. स्वप्नांची झोप, जी त्याला किती काळ धड मिळाली नव्हती कोण जाणे, ती तर धबधब्यासारखी आली. सकाळी तो टवटवीत उठला.

एप्रिल १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लेख छापून आला. रुग्ण होते फक्त पाच. त्या पाचांवर उभा राहिलेला उपचार आज जगभर ‘सीपॅप’ या नावाने ओळखला जातो.

सुरुवातीच्या रुग्णांची जिद्द पाहा. घरी वापरायचा मुखवटा प्रत्येकाच्या नाकाचा साचा घेऊन बनवलेला असे आणि तो दर रात्री सिलिकॉनच्या चिकटद्रव्याने चेहऱ्यावर चिकटवायचा, सकाळी सोलून काढायचा. मोटरचा आवाजही भला मोठा. तरीही माणसं ते करत राहिली, कारण दिवसा जागं राहता येणं म्हणजे काय हे त्यांना पहिल्यांदाच कळलं होतं.

आधी वैमानिक, मग अर्भकं

मुखवट्यातून दाबाने हवा देण्याची युक्ती सलिव्हन यांच्या आधीची, आणि तिचं नातं थेट युद्धाशी आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानं इतकी उंच जाऊ लागली की सुमारे चाळीस हजार फुटांवर शंभर टक्के प्राणवायूही पुरेना. हवेचा दाबच तेवढा उरत नाही. तेव्हा अमेरिकेत ओहायोतल्या राइट फील्डवर फारो गॅग यांनी वैमानिकाला मुखवट्यातून दाबाने प्राणवायू देण्याची पद्धत बसवली. या पद्धतीत श्वास घेणं आपोआप होतं आणि सोडायला मात्र जोर लावावा लागतो. आजचा सीपॅप पहिल्यांदा लावणाराही नेमकं हेच म्हणतो.

१९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोत डॉ. जॉर्ज ग्रेगरी यांनी अशाच सततच्या दाबाने वेळेआधी जन्मलेल्या, फुप्फुसं चिकटणाऱ्या बाळांवर उपचार केले. वीसपैकी सोळा बाळं जगली. त्या काळी या आजारात एवढी बाळं वाचणं ही मोठीच गोष्ट होती.

दाब किती? एक ग्लास पाणी घ्या

सीपॅपचा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. यंत्रं साधारण चार ते वीस सेंटिमीटरच्या दरम्यान चालतात. दहा सेंटिमीटर म्हणजे किती हे घरी पाहता येतं. उंच ग्लासात पाणी भरा, स्ट्रॉ दहा सेंटिमीटर खोल बुडवा आणि फुंकून बुडबुडे काढा. तेवढाच जोर. वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का. एवढ्याशा हवेच्या टेकूने मिटणारा घसा रात्रभर उघडा राहतो.

यंत्र प्राणवायू देत नाही, हेही लक्षात ठेवा. ते खोलीतलीच हवा गाळून, थोडी दमट करून दाबाने पाठवतं. दमटपणासाठी जे भांडं असतं त्यात डिस्टिल्ड पाणी घालतात, नाहीतर तळाला क्षार धरतात.

मुखवटा आणि आठवणी

माजी सैनिकांची गोष्ट इथे बाकीच्यांपेक्षा वेगळी होते.

नाकातोंडावर रबरासारखी कड दाबून बसणारा मुखवटा, डोक्यामागून आवळलेले पट्टे, कानाशी घुमणारा हवेचा आवाज. ज्याने प्रशिक्षणात वायूने भरलेल्या खोलीत गॅस मास्क लावून उभं राहण्याचा अनुभव घेतला आहे, त्याच्या शरीराला हे ओळखीचं वाटतं, आणि ती ओळख चांगली नसते. शिवाय ज्याला झोपेतही चाहूल घेत राहायची सवय लागली आहे, त्याला यंत्राच्या आवाजाने दाराचा आवाज ऐकू येणार नाही याची धास्ती वाटते. मध्यरात्री मुखवटा ओरबाडून फेकला जातो आणि सकाळी तो कॉटखाली सापडतो. पीटीएसडी असलेले सैनिक सीपॅप कमी वापरतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

पण वापरला तर फायदा त्यांनाच मोठा होतो. मिसिसिपीतल्या माजी सैनिक रुग्णालयात पीटीएसडी आणि स्लीप ॲप्निया दोन्ही असलेल्या ६९ जणांची वाईट स्वप्नं मोजली गेली. २०१४ चा हा अभ्यास. आधी आठवड्याला सरासरी दहा, सीपॅपनंतर सुमारे पाच. स्वप्नांच्या झोपेत स्नायू सर्वात सैल असतात, म्हणून श्वासही तेव्हाच जास्त अडतो. गुदमरण्याचं शरीराला कळतं आणि ते स्वप्नात उतरतं, असं मानायला जागा आहे.

उलट बाजूनेही धागा आहे. व्हिएतनाम काळातल्या जुळ्या भावांची एक नोंदवही अमेरिकेत अनेक वर्षांपासून ठेवलेली आहे. त्यातल्या भावांना झोपेच्या प्रयोगशाळेत तपासलं, तेव्हा ज्याला पीटीएसडीची लक्षणं जास्त, त्याचा श्वासही जास्त अडत होता. एकाच आईच्या पोटचे, एकाच घरात वाढलेले हे भाऊ. म्हणजे निव्वळ वजन आणि वंश यांवर सगळं ढकलता येत नाही. तुटक, सावध झोप घशालाही स्थिर राहू देत नसावी.

म्हणून मुखवट्याची सवय दिवसा लावतात. आधी यंत्र बंद ठेवून नुसता मुखवटा हातात धरायचा. मग दूरदर्शन पाहताना पाच मिनिटं चेहऱ्यावर, पट्टे न आवळता. मग हवा सुरू करून, मग दुपारच्या डुलकीत, आणि शेवटी रात्री. पूर्ण मुखवटा नकोसा वाटला तर नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या गाद्या मिळतात. दाब सुरुवातीला कमी ठेवून झोप लागेपर्यंत हळूहळू चढवण्याची सोयही यंत्रातच असते. माझ्या मते या पायऱ्या शिकवणारा माणूस यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे. नुसतं खोकं हातात देऊन “लावत जा” म्हणणं हा उपचार नव्हे.

खेड्यात राहणाऱ्या माजी सैनिकांसाठी व्हीएने दूरस्थ झोपसेवा उभी केली आहे. चाचणीचं यंत्र घरी येतं, बोलणं पडद्यावर होतं आणि सीपॅप रोज रात्रीचा हिशेब स्वतःच पाठवतो. किती तास लावला, हवा कुठून गळली, श्वास किती वेळा अडला, सगळं त्यात येतं.

तासांचा हा हिशेब कळीचा आहे. २०१६ साली हृदयरोगी आणि पक्षाघात होऊन गेलेल्या २७१७ जणांवरचा एक मोठा अभ्यास छापला गेला. सीपॅपने त्यांचे पुढचे हृदयविकार घटल्याचं दिसलं नाही. दिवसाची पेंग मात्र कमी झाली आणि मनही हलकं झालं. त्या अभ्यासात यंत्र लावलं गेलं होतं रात्रीला सरासरी सव्वातीन तासांच्या आसपास. अर्धी रात्र उघड्यावर गेली, तर उरलेल्या अर्ध्या रात्रीकडून किती अपेक्षा करायची?

घोरणं थांबवायचंय? अंतराळात जा

२९ ऑक्टोबर १९९८ रोजी डिस्कव्हरी यान उडालं तेव्हा त्यात ७७ वर्षांचे जॉन ग्लेन होते. मरीन कोअरचे वैमानिक, दुसरं महायुद्ध आणि कोरिया मिळून १४९ लढाऊ उड्डाणं केलेले. यानात त्यांनी डोक्याला आणि छातीला तारा लावून झोपेच्या प्रयोगांत भाग घेतला. या आणि त्याच वर्षीच्या आधीच्या एका मोहिमेतल्या पाच अंतराळवीरांच्या झोपेवरून जे कळलं ते भन्नाट आहे. अंतराळात श्वास अडण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं आणि घोरणं जवळजवळ नाहीसं झालं. जीभ मागे ओढायला तिथे गुरुत्वाकर्षणच नाही!

आणि उंच पहाडावर उलटं

सियाचीनसारख्या उंचीवर झोपणाऱ्या जवानाचा श्वासही झोपेत थांबतो, पण कारण अगदी वेगळं. तिथे घसा उघडाच असतो. विरळ हवेत माणूस जोरजोरात श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मेंदू काही सेकंद श्वासाचा हुकूमच सोडत नाही. मग पुन्हा भराभर श्वास, पुन्हा विराम. इटलीचे शास्त्रज्ञ अँजेलो मोस्सो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आल्प्समधल्या मोंते रोझा पर्वतावर हे टिपून ठेवलं होतं. खाली उतरलं की हा त्रास सहसा संपतो.

यंत्र नको असेल तर

जबड्याला पुढे धरणारी दातांवरची पट्टी सौम्य आजारात चालते. २०१४ साली अमेरिकेने छातीत बसवायच्या एका उपकरणाला मान्यता दिली. ते झोपेत जिभेच्या मज्जातंतूला हलका झटका देऊन जीभ पुढे ठेवतं. पहिल्या मोठ्या चाचणीत १२६ जणांच्या श्वास अडण्यात मध्यमानाने ६८ टक्के घट झाली. डिसेंबर २०२४ मध्ये वजन उतरवणाऱ्या टिर्झेपाटाइड इंजेक्शनला लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्निया असलेल्यांसाठी परवानगी मिळाली. या आजारावर मान्यता मिळालेलं ते पहिलं औषध.

आणि हो, डिजेरिडू! ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचं हे लांब पोकळ लाकडी वाद्य. स्वित्झर्लंडमध्ये २५ जणांपैकी काहींना चार महिने ते वाजवायला शिकवलं. घशाच्या स्नायूंना व्यायाम मिळाला, दिवसाची पेंग घटली, आणि घरातले शेजारी झोपणारेही सुखावले. २००६ साली हा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला आणि २०१७ साली त्याला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं, तेही शांततेचं.

यंत्रावर विश्वास ठेवणाऱ्यांना एक मोठा धक्काही बसला आहे. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आवाज दाबण्यासाठी बसवलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाऊ शकतात म्हणून आपली यंत्रं परत मागवली. जगभरात पन्नास लाखांहून अधिक यंत्रं त्यात आली आणि ती वापरणाऱ्यांत माजी सैनिक फार मोठ्या संख्येने होते. यंत्र लावावं तर फोमची भीती, न लावावं तर श्वासाची, अशा कात्रीत त्यांनी महिने काढले. २०२४ साली कंपनीने अमेरिकेतले दावे १.१ अब्ज डॉलरला मिटवण्याचं मान्य केलं.

आपल्या घरातला फौजी

हे फक्त अमेरिकेचं दुखणं नाही. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती. २००४ साली ती प्रसिद्ध झाली. १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत अडत होता आणि ७.५ टक्क्यांना त्याचा दिवसाही त्रास होत होता. २०२३ साली दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी देशभरच्या अभ्यासांची बेरीज मांडली. कामाच्या वयातले सुमारे १० कोटी ४० लाख भारतीय या आजारासह जगत असावेत, असा त्यांचा अंदाज आहे.

साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत घरटी फौजी आहेत. निवृत्त सुभेदारसाहेब जेवून आडवे झाले की पाच मिनिटांत डाराडूर. घरातली म्हणते, “अहो, कुशीवर वळा की!” आणि सगळे हसतात. घोरणं म्हणजे गाढ झोप, कष्टाच्या माणसाची झोप, अशी आपली समजूत आहे. मोठं घोरणं, मध्येच पूर्ण शांतता आणि मग दचकून ओढलेला श्वास, असं ऐकू आलं तर ती गाढ झोप नाही. बायकांमध्ये तर हे आणखी लपून राहतं. त्या थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं अशा तक्रारी सांगतात आणि घोरण्याचा विषयच निघत नाही.

माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस योजना आहे. तिच्या पॉलिक्लिनिकमधून झोपेच्या चाचणीसाठी पुढे पाठवतात आणि नियमांत बसलं तर सीपॅप यंत्रही योजनेतून मिळतं. रक्तदाब औषधांनी आटोक्यात येत नसेल, सकाळी डोकं दुखत असेल, गाडी चालवताना डोळा लागत असेल, तर चाचणी लांबवू नका.

आज रात्री एवढंच करा. घरातले फौजी झोपले की फोन घेऊन दोन मिनिटं चित्रीकरण करा, आवाजासकट. पुढच्या वेळी पॉलिक्लिनिकमध्ये जाल तेव्हा गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर ते डॉक्टरांना दाखवा. आणि यंत्र घरी आलंच, तर पहिला महिना नातवंडांना त्या मुखवट्यावरून हसू देऊ नका.